धातूला धातू शिवत नाही

पल्सर २२० च्या मीटरवर एक लाख किलोमीटरचा आकडा चढेपर्यंत तिच्या इंजिनातला क्रँक सुमारे ४० कोटी वेळा फिरून झालेला असतो. हिशोब सरळ आहे. पाचव्या गिअरमध्ये एक किलोमीटर जायला इंजिनाला चार हजारांच्या आसपास फेरे मारावे लागतात, खालच्या गिअरमध्ये त्याहूनही जास्त. आपल्या हृदयाला ४० कोटी ठोके टाकायला साधारण अकरा वर्षं लागतात. पण हृदय जिवंत आहे, स्वतःची डागडुजी करत राहतं. पिस्टनला ती सोय नाही. कारखान्यात बसवला त्या दिवशी तो जेवढा होता, त्यातलं जे घासलं गेलं ते कायमचं गेलं.

तरीही अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, सोयगावच्या बाजूला, पंधरा वर्षं जुनी पल्सर सकाळी एका सेलमध्ये सुरू होते, हळद्याचा घाट चढून जाते आणि संध्याकाळी कापसाच्या वावरातून परत येते. कुणाला त्याचं काही वाटत नाही. गाडी बंद पडली की चर्चा होते, चालत राहिली की होत नाही. खरं तर विचारायचा प्रश्न उलटा आहे. एवढं फिरून, एवढं तापून, एवढी धूळ खाऊन ही गाडी अजून चालते कशी?

वाळूजचं लोखंड

या भागात जुन्या पल्सर टिकल्या त्यामागे थोडा इतिहास आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूजला, बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात, अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियमचे भाग ओतणारा छोटा उद्योग उभा केला. पुढे तो एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज झाला आणि शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक, क्लच, चाकं असं बरंच काही दुचाकी कंपन्यांना पुरवू लागला. त्यांचे जुळे भाऊ तरंग जैन यांची व्हॅरॉकही याच शहरात वाढली. आजच्या या संभाजीनगरात दुचाकीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची रांग लागली. सोयगावपासून हे सगळं शंभरेक किलोमीटरवर.

पल्सर बाजारात आली ती नोव्हेंबर २००१ मध्ये, १५० आणि १८० सीसीच्या रूपात, चाकणच्या कारखान्यातून. तोवर बजाज म्हणजे चेतक स्कूटर हे समीकरण होतं. २००३ साली तिला डीटीएस-आय म्हणजे दोन प्लगांचं इंजिन मिळालं. २००७ मध्ये २२० आली, फ्युएल इंजेक्शनवाली आणि महाग. २००९ मध्ये तीच गाडी कार्बोरेटर लावून, थोडी जास्त ताकद देऊन आणि किंमत उतरवून विकायला काढली, तेव्हा तिनं खेडोपाडीच्या पोरांना वेड लावलं. २१ अश्वशक्ती, ऑइल कूलर, पुढे अर्धं फेअरिंग, एकावर एक दोन हेडलाइट. देशातली सर्वांत वेगवान गाडी अशीच तिची जाहिरात होती.

त्या पहिल्या खेपेच्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरली आहेत. एमएच २० च्या नंबरप्लेटवाल्या कितीतरी पल्सर पुन्हा पासिंगसाठी आरटीओच्या दारात उभ्या राहतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. गाडी म्हातारी झाली, असं कागद त्या दिवशी पहिल्यांदा म्हणतो. इंजिनाला मात्र वर्षं मोजता येत नाहीत. ते मोजतं ते वेगळंच काही.

सेकंदाला २८३ वेळा थांबणं

आधी आत काय चालतं ते पाहू. २२० चा पिस्टन ६७ मिलिमीटर रुंद आहे आणि तो ६२.४ मिलिमीटर वर-खाली जातो. इंजिन पूर्ण जोर लावतं ते मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर. त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.७ मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटर असतो. गाडीचा वेग वेगळा, हा नुसता पिस्टनचा. आणि हा वेग तो सलग धरत नाही. वरच्या टोकाला पूर्ण थांबतो, उलटा फिरतो, खालच्या टोकाला पुन्हा थांबतो. सेकंदाला २८३ वेळा थांबायचं आणि प्रत्येक थांब्यामधल्या बोटभर अंतरात पुन्हा वेग घ्यायचा.

असं थांबवताना आणि उलटवताना पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पटींहून जास्त त्वरण येतं. पिस्टन, रिंगा आणि पिन मिळून दोनशे ग्रॅम वजन धरलं, तर त्या क्षणी तो पाचशे किलोच्या ओझ्यासारखा कनेक्टिंग रॉडला ओढत असतो.

आता शेजारच्या स्प्लेंडरकडे पाहा. तिचा पिस्टन ५० मिलिमीटरचा, चाल ४९.५ मिलिमीटरची, पूर्ण ताकद ८,००० फेऱ्यांवर. तिथे पिस्टनचा सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आत राहतो. स्पोर्ट गाडी आणि रोजच्या वापराची गाडी यांच्यातला फरक टाकीच्या आकारापेक्षा इथे जास्त आहे. स्पोर्ट गाडीचा रॉड, बेअरिंग, व्हॉल्व्हची स्प्रिंग हे सगळं जास्त ताण सोसायला बनवलेलं असतं.

आणि इथेच एक गंमत लपली आहे. हे ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. फेरे निम्मे केले की ताण निम्मा होत नाही, पाव होतो. ताशी साठच्या वेगानं फर्दापूरच्या रस्त्याला लागलेली २२० चार हजारांच्या आसपास फिरत असते. ज्या ताणासाठी ती घडवली, त्याच्या चौथाई ताणावर ती अख्खं आयुष्य काढते. उलट शंभर सीसीची गाडी ऐंशीनं पळवली की तिचं इंजिन दमाच्या टोकाशी पोचलेलं असतं. म्हणून समंजस हातात पडलेली जुनी स्पोर्ट गाडी अनेकदा साध्या गाडीपेक्षा जास्त टिकते. ‘पळवायची गाडी लवकर खलास होते’ ही समजूत गाडीपेक्षा चालवणाऱ्याबद्दल जास्त सांगते.

दोन प्लगांचंही असंच आहे. पेट्रोलची वाफ एका क्षणात पेटत नाही, ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. तिचा वेग सेकंदाला २५ मीटर धरला, तरी ६७ मिलिमीटरचा बोअर ओलांडायला जो वेळ लागतो, तेवढ्यात ८,५०० फेऱ्यांवरचा क्रँक एक तृतीयांश फेऱ्याहून जास्त पुढे गेलेला असतो. समोरासमोरून दोन ठिणग्या टाकल्या की ज्योतींना निम्मंच अंतर कापायचं उरतं. याच कल्पनेवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात २००७ पासून न्यायालयात वाद झाला. २००९ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये समेटानं मिटला. मालकाच्या दृष्टीनं यातली मजेदार बाब वेगळी आहे. एक प्लग मेला तरी पल्सर चालत राहते. पिकअप जरा पडतो, ॲव्हरेज घटतो आणि कित्येकांना महिनोन्महिने कळतच नाही की गाडी एका ठिणगीवर चालली आहे.

लाकडी बुचानं सांगितलेलं गुपित

एवढ्या वेगानं धातू धातूवर घासत असता, तर हे इंजिन चाळीस कोटी फेरे सोडा, काही मिनिटांतच जाम झालं असतं. ऑइल संपल्यावर गाडी पळवली की नेमकं तेच होतं. पिस्टन बोअरला चिकटतो. मग रोज काय होतं? रोज धातूला धातू शिवतच नाही.

हे गुपित पहिल्यांदा उघड झालं ते १८८३ साली, इंग्लंडमध्ये. बोशॅम्प टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. आस तेलात बुडून फिरत होता. ऑइल घालायची सोय करावी म्हणून टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्यांनी बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला, तर आतल्या तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीवर गेलेला दिसला. भार कुणी बाहेरून पंप लावून उचलत नव्हतं. फिरणारा आसच तेलाला अरुंद फटीत ओढत होता आणि त्या तेलाच्या दाबावर स्वतः तरंगत होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी या तरंगण्याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगची रचना करणारे त्याच समीकरणापासून सुरुवात करतात.

तुमच्या पिस्टनच्या रिंगा बोअरवरून अशाच तरंगत जातात. वेग असेपर्यंत ऑइलची पापुद्र्याएवढी फिल्म त्यांना उचलून धरते. जाडी काही मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्याचाही छोटासा अंश. गंमत म्हणजे वेग संपतो तिथे ही फिल्म पातळ होते, आणि पिस्टनचा वेग संपतो तो दोन टोकांना. वरच्या टोकाला तर आग आणि दाब दोन्ही सर्वांत जास्त असतात. म्हणून इंजिन खोललं की मिस्त्री बोट फिरवून पाहतो ते बोअरच्या वरच्या कडेला. तिथे पायरीसारखी कडा लागली की त्याला कळतं, बोअर गेला. मधला भाग बहुधा ठीकच असतो.

याच कारणानं नवा बोअर मुद्दाम खरबरीत करतात. होनिंगच्या दगडांनी त्याच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा ओढतात. ऑइल त्या रेघांत थांबून राहतं. बोअर आरशासारखा चकचकीत झाला, तर ते नवेपणाचं लक्षण नाही. रेघा पुसल्या गेल्या, ऑइल थांबायला जागा उरली नाही, आणि सायलेन्सरमधून निळा धूर यायचे दिवस जवळ आले.

क्षणभर घट्ट होणारं तेल

बॉल बेअरिंगमध्ये आणि गिअरच्या दात्यांमध्ये गोष्ट आणखी विलक्षण होते. तिथे भार जवळपास एका ठिपक्यावर येतो, दाब वातावरणाच्या दहा हजार पटींवर जातो. एवढ्या दाबाखाली तेल पिळून बाहेर निघून जायला हवं. पण ते निघत नाही, कारण दाब वाढला की तेलाचा घट्टपणा प्रचंड वाढतो. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ ते जवळपास घनरूप होतं, पोलादाचा पृष्ठभाग किंचित दबतो, आणि एका मायक्रॉनपेक्षाही पातळ थर दोन्ही पोलादांना वेगळं ठेवून जातो. पुढच्या क्षणी ते पुन्हा वाहतं ऑइल होतं.

आणि गाडी सुरू होते तो पहिला क्षण? रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं, फिल्म बनायला वेग अजून नसतो. त्या वेळी धातूला धातू खरोखर टेकतो. तिथे कामाला येतं ते ऑइलमध्ये घातलेलं झिंक, फॉस्फरस आणि गंधक यांचं एक संयुग. रसायनतज्ज्ञ त्याला झेडडीडीपी म्हणतात. उष्णता आणि दाब यांखाली ते तुटतं आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर चढवतं, मायक्रॉनच्या दशांशाएवढा. २०१५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिसूक्ष्म सुईनं पृष्ठभाग घासत हा थर बनताना पाहिला. जिथे दाब जास्त, तिथे थर लवकर वाढतो. म्हणजे जिथे झिजण्याची भीती सर्वांत मोठी, तिथेच संरक्षण आपोआप दाट होतं. थर घासून जातो, पुन्हा बनतो. पिस्टन स्वतःला भरून काढत नाही हे खरं, पण ऑइल त्याच्या बाजूनं ते काम करत असतं, जोवर त्यात हे संयुग शिल्लक आहे तोवर.

या ‘जोवर’मध्येच ऑइल बदलण्याचं सगळं शहाणपण आहे. ऑइल काळं झालं म्हणून ते बाद होत नाही. काळं होणं म्हणजे ते काजळी धरून ठेवतंय. ते बाद होतं ते न दिसणाऱ्या कारणांनी. झिंकचं संयुग संपत जातं. आणि दुसरं, त्याचा घट्टपणा तुटतो. पल्सरमध्ये २०डब्ल्यू५० ऑइल घालतात. चाळीस अंशांवरचं हे ऑइल शंभर अंशांवर सुमारे नऊ पट पातळ होतं. ते त्याहून पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू घातलेले असतात. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. आपल्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑइल. गिअरचे दाते त्या लांब रेणूंचे तुकडे करत राहतात. डब्यावर ५० लिहिलेलं ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ४० च्या वळणावर आलेलं असतं. सोयगावच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीसच्या वर असताना, घाट चढणाऱ्या इंजिनाला तोच फरक महागात पडतो.

म्हणूनच ‘कारचं भारी ऑइल घालतो’ ही हौसही नडते. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि मोटारसायकलीचा क्लच तर त्याच ऑइलात बुडालेला असतो. क्लचला घर्षणच हवं असतं. ते गेलं की क्लच प्लेटा घसरतात, फेरे वाढतात, गाडी पुढे जात नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं छापलेलं पाहायचं, ते त्यासाठी.

डोंगराची धूळ, हवेतलं पाणी

सोयगाव तालुक्यातच अजिंठ्याची लेणी आहेत. ती ज्या काळ्या पाषाणात कोरली तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. हाच पाषाण फुटून, झिजून इथल्या रस्त्यांची धूळ होते. त्यातली खनिजं ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. आता मघाची फिल्म आठवा, काही मायक्रॉनची. नेमका तेवढ्याच आकाराचा, पाच ते वीस मायक्रॉनचा धुळीचा कण बोअर आणि रिंग यांच्यामध्ये शिरला की तो फिल्मचा पूल करून दोन्ही धातूंना ओरखडतो. मोठे खडे एअर फिल्टर सहज अडवतो. घातक असतात ते डोळ्यांना न दिसणारे.

आणि इंजिन हवा घेतं किती? एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ॲव्हरेज चाळीसचा धरला तर एक लाख किलोमीटरमध्ये अडीच हजार लिटर पेट्रोल आणि सव्वादोन कोटी लिटर हवा. ही सगळी हवा तळहातापेक्षा थोड्या मोठ्या फिल्टरमधून गाळली जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागे मागे चालणारी गाडी आणि डांबरी रस्त्यावरची गाडी यांचा फिल्टर सारख्या अंतरावर बदलणं म्हणजे पुस्तक पाळून इंजिन घालवणं. फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलं नाही किंवा रबराला चीर गेली, तर फिल्टर कितीही चांगला असो, धूळ बाजूनं शिरते.

दुसरा शत्रू याहून अनपेक्षित आहे: पाणी. आणि तेही पावसाचं नव्हे. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या टोकातून थेंब टपकतात ते हेच. पण गावातून मळ्यात, मळ्यातून गावात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. वाफ आतच थंड होते. थोडं पाणी रिंगांच्या बाजूनं ऑइलात उतरतं, त्याला दुधाळ करतं आणि अम्लही तयार होतं. बाकीचं सायलेन्सरच्या खोलगट भागात साचतं, आणि सायलेन्सर आतून बाहेरच्या दिशेनं सडत जातो.

म्हणून इंजिनाच्या जगात कष्ट आणि आराम यांचे अर्थ उलटे आहेत. रोज चाळीस किलोमीटर सलग जाणारी गाडी सुखी असते. अंगणात झाकून ठेवलेली, आठवड्यातून एकदा बाजारापुरती काढलेली गाडी झिजत असते. कमी पळालेली म्हणून जास्त किमतीला विकली जाणारी जुनी गाडी कधी कधी सर्वांत खराब निघते, त्याचं कारण हे.

टाकीतला मका

अलीकडे यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आलं. हे इथेनॉल उसापासून येतं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मक्यापासूनही मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं. सोयगाव-सिल्लोडच्या पट्ट्यात मका भरपूर पिकतो. वावरातलं पीक असं फिरून टाकीत येतं.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, आणि लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशानं कमी. नव्या इंजेक्शनवाल्या गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन थोडं वाढवतो. २००९ च्या पल्सरच्या कार्बोरेटरला डोळे नाहीत. त्याच्या जेटचं भोक जेवढं आहे तेवढंच इंधन जातं. मग मिश्रण पातळ पडतं, गाडी थंडीत कुरकुरते, कधी जास्त तापते. जाणता मिस्त्री एअर स्क्रू फिरवून किंवा जेट बदलून ते जुळवून देतो. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात महिना-दीड महिना उभी राहणारी गाडी टाकी भरून आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवलेली बरी. त्यातल्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर तेवढं भोक सहज बुजवतो. जुन्या पाइपांची आणि ओ-रिंगांची रबरं फुगली किंवा कडक झाली, तर ती बदलायची. एवढं केलं की जुन्या गाडीचं नव्या इंधनाशी बऱ्यापैकी जमतं.

काय बदलतं, काय उरतं

जुन्या गाडीचा प्रत्येक भाग असा कुठल्यातरी पातळ थराच्या भरवशावर जगतो. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसवर हवेतल्या ऑक्सिजननं चढवलेला ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो, पण त्याच्यामुळे तो सडत नाही. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यांवर क्रोमचा काही मायक्रॉनचा थर असतो. खडी लागून त्याला टिकली पडली की तीच टिकली ऑइल सील फाडते आणि शॉकप गळू लागतो. चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो. खरं तर पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश यांच्यामध्ये ग्रीसचा थर संपतो आणि दोन शतांश मिलिमीटर झीज होते. असे शंभराहून जास्त सांधे, म्हणून अख्खी चेन दोन मिलिमीटरनं वाढलेली दिसते. ओ-रिंगवाल्या चेनमध्ये हे ग्रीस रबराच्या कड्यांनी आत कोंडलेलं असतं. ते बाहेरून भरता येत नाही, आणि डिझेलमध्ये बुडवून ब्रशनं घासघासून धुतलं तर ती रबरंच खराब होतात.

म्हणून अशा गाडीची मालकी म्हणजे थर राखण्याचं काम. टायर, चेन सॉकेट, ब्रेक पॅड, क्लच प्लेटा, बॅटरी, केबल, प्लग हे सगळं बदलत जातं. ते बदलण्यासाठीच असतं. हे सुटे भाग सोयगावातही मिळतात, नाहीतर सिल्लोडला, जळगावला, संभाजीनगरला मिळतात, कारण हे मॉडेल लाखोंनी विकलं गेलं आणि त्याचे भाग बनवणारे कारखाने याच जिल्ह्यात उभे राहिले. एखाद्या परदेशी स्पोर्ट गाडीचा मालक एका केबलसाठी महिनाभर थांबतो. पल्सरवाल्याला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. टिकाऊपणात निम्मा वाटा या उपलब्धतेचा आहे. उरलेला निम्मा वाटा क्रँक, रॉड, बोअर, गिअर यांचा आहे. ते बदलायची वेळ येऊ द्यायची नसते, आणि ती येते की नाही हे फिल्मवर ठरतं.

आता शेवटचा हिशोब. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, कॅम, गिअर या सगळ्या जागी एका क्षणी दोन धातूंच्या मध्ये प्रत्यक्ष उभं असलेलं ऑइल मोजलं तर किती भरेल? पृष्ठभाग दीडशे चौरस सेंटिमीटर आणि सरासरी जाडी पाच ते दहा मायक्रॉन धरली, तरी ते दोन-तीन थेंबांपलीकडे जात नाही. अख्खं इंजिन त्या दोन-तीन थेंबांवर उभं आहे. बाकीचं लिटरभर ऑइल आहे ते या थेंबांना दर क्षणी नवं करायला, त्यांनी उचललेली उष्णता कूलरपर्यंत नेऊन सोडायला, आणि त्यांनी गोळा केलेली घाण फिल्टरपर्यंत वाहून न्यायला. इंजिनाचं वय वर्षांत किंवा किलोमीटरमध्ये सांगता येत नाही, ते यामुळे. ते सांगायचं तर हे थेंब किती वेळा वेळेवर बदलले आणि किती वेळा बदलायचे राहिले, हे माहीत हवं.

जुनी पल्सर घ्यायला गेलात की विकणारा आधी मीटर दाखवेल, ‘बघा, किती कमी पळालीय’ म्हणेल. मीटर शेवटी वाचा. आधी ऑइलच्या खिडकीत डोकावा, एअर फिल्टरचं झाकण उघडायला लावा, थंड इंजिन स्वतः सुरू करून धुराचा रंग पाहा. मग विचारा, ऑइल शेवटचं कधी बदललं? आणि उत्तर पटकन आलं, तर लगेच दुसरा प्रश्न: आणि त्याआधी कधी?